वेळेवर जेव म्हणावं

मावशीने साठाव्या वर्षी लग्न केलं, त्या वर्षीची ही गोष्ट. घरातले निम्मे लोक रुसले होते, निम्मे नाचत होते. नवरदेव, म्हणजे त्या घरचे नवे काका, आनंदाच्या भरात एका खुर्चीवर मटकन बसले. त्या खुर्चीवर भाचीचा चष्मा होता. कडकन आवाज झाला. काका उठले, मागे वळून पाहिलं आणि म्हणाले, "शुभशकुन आहे. जुनं मोडल्याशिवाय नवं येत नाही."

"तुमचं काय जातंय बोलायला," भाची म्हणाली, पण काकांकडे न बघता. कारण काका कुठे उभे आहेत तेच तिला दिसत नव्हतं.

या भाचीला घरात सगळे धांदल म्हणत. चालायची ती पळत, बोलायची ती अर्धं वाक्य गिळून, आणि निघायची ती काहीतरी विसरून. वय सव्वीस. मनाच्या आजारांवर उपचार करायचं शिक्षण घेत होती. सोमवारपासून तिचा प्रत्यक्ष सराव सुरू होणार होता, आणि चष्म्याशिवाय तिला मावशी कोण नि कपाट कोणतं हे आवाजावरून ओळखावं लागे.

शनिवारी ती चाचपडत चष्म्याच्या दुकानात शिरली.

"बसा. समोर बघा," एक आवाज म्हणाला.

"बघतेय."

"मी इकडे आहे."

"अय्या! मग तो कोण?"

"तो जाहिरातीतला पुठ्ठ्याचा माणूस. त्यालाही चष्मा आहे, पण तो कधी तक्रार करत नाही."

धांदलीला हसू फुटलं. आवाजाने तिच्या नाकावर एक जड, गोल चौकट ठेवली आणि एकामागून एक काचा घालायला सुरुवात केली. "हे बरं की हे?"

"दोन्ही बरी."

"खरं सांगा. इथे कोणी मार्क देत नाही."

"मग... पहिलं. नाही, दुसरं. थांबा, पहिलं काय होतं?"

तो न कंटाळता पुन्हा काच घालायचा, पुन्हा काढायचा. आणि मग एक शेवटची काच टक् करून बसली आणि धुक्यातून एक चेहरा बाहेर आला. तिशीचा असेल. सडपातळ, कान थोडे मोठे. तो तिच्या डोळ्यांकडे बघत होता. दुकानदार बघतात तसं नव्हे. आडरानात वाढलेला माणूस पहिल्यांदा समुद्रासमोर उभा राहावा आणि एवढं पाणी कुठून आलं असेल या विचारात पडावा, तसा.

"असं काय बघताय?"

"नंबर."

"नंबर तर काढून झाला ना?"

"मग..." त्याचे कान लाल झाले. "मग उगीच."

धांदल घरी आली तेव्हा तिला कळलं की ती छत्री दुकानात विसरली आहे. पाऊस पडत नव्हता म्हणून बरं.

सोमवारी ती सरावाच्या खोलीबाहेर उभी राहिली. खोली साधी होती. दोन खुर्च्या, कागदी रुमालांचा डबा, पेशंटच्या पाठीमागे घड्याळ, म्हणजे वेळ बघितली तरी पेशंटला कळत नाही. एका भिंतीत मोठी काच. आतून आरसा, बाहेरून खिडकी. खिडकीच्या बाजूला सगळा वर्ग बसायचा आणि बाई.

बाई म्हणजे या शिक्षणाच्या प्रमुख. तीस वर्षं माणसांची दुखणी ऐकून त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण त्या बोलल्या की मागच्या बाकावरचाही सरळ बसे. या सहामाहीत त्यांनी एकच विषय घेतला होता. ज्यांना धर्माच्या नावाने जखम झाली, त्यांच्यावर उपचार कसे करायचे.

"पाय मोडलेला माणूस लंगडतो, ते दिसतं," बाई म्हणायच्या. "हा माणूस धडधाकट चालत येतो आणि कुठे घंटा वाजली की टेबलाखाली शिरतो. त्याला काय झालंय हे त्याला सांगता येत नाही, कारण ज्यांनी मारलं तेच त्याची माया करत होते. म्हणून एक नियम. कोणाला देव द्यायचा नाही, आणि कोणाचा देव काढून घ्यायचा नाही. ते दुकान आपलं नाही."

विद्यार्थ्यांनी खऱ्या पेशंटवर हात साफ करू नयेत म्हणून सरावाचे पेशंट असत. बाई त्यांना एक गोष्ट लिहून देत, ते ती जगून दाखवत. स्वतःची गोष्ट सांगायची नाही, हा त्यांच्यासाठी कडक नियम. आणि सराव संपला की 'उतरायचं'. म्हणजे दुसऱ्याचं सोंग अंगात राहू नये म्हणून खुर्चीतच बसून आपलं नाव सांगायचं आणि स्वतःबद्दलच्या तीन खऱ्या गोष्टी सांगायच्या. समोरच्या विद्यार्थ्यानेही सांगायच्या.

धांदलीने दार उघडलं. समोर चष्मेवाला बसला होता.

तिने दार लावलं. पळत काचेपलीकडे गेली. "बाई, मी यांना ओळखते!"

"किती?"

"यांनी माझा चष्मा केला."

"उद्या तुझ्या पेशंटची बहीण तुझी दातांची डॉक्टर निघेल. जा, बस. मात्र दोघांनाही सांगून ठेवते, निकाल लागेपर्यंत बाहेर भेटायचं नाही."

"पण चष्मा सैल झाला तर?"

"सैल चष्म्याने जग बघ. वेगळं दिसेल."

त्याला दिलेली गोष्ट अशी होती. टपाल कचेरीतला कारकून, कडक धार्मिक घर सोडून आलेला, झोप येत नाही. धांदलीने छान ऐकलं. घाई केली नाही, मधे बोलली नाही, तो थांबला की तीही थांबली. काचेपलीकडे बाईंनी एकदा मानही हलवली. शेवटची दोन मिनिटं राहिली. कारकून म्हणाला, "डोळे मिटले की वाटतं, आपल्याला कोणी माफ करणार नाही." मन लावून, अगदी मायेने ती म्हणाली, "होईल सगळं ठीक. देवावर सोडा."

समोरचा माणूस पांढराफटक पडला. त्याची मान खाली गेली, नजर जमिनीला खिळली, हात शरीराला चिकटले. कारकून गेला होता आणि चष्मेवालाही गेला होता. खुर्चीत आठ-नऊ वर्षांचं कोणीतरी बसलं होतं.

बाई दार उघडून आत आल्या. जवळ गेल्या नाहीत, हात लावला नाही. लांबच खाली जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "वेळ घे. आणि जमेल तेव्हा उतर."

घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. मग तो हळूच म्हणाला, "मी... चष्मे करतो."

"छान. दुसरं?"

"मला काकडी आवडत नाही."

काचेपलीकडे कोणीतरी फस्सकन हसलं.

"तिसरं?"

"मी इथे आहे," तो म्हणाला, आणि हे सांगताना त्याने स्वतःच्या गालाला हात लावून पाहिला.

बाईंनी धांदलीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नवा चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला होता. "मला घरी धांदल म्हणतात," ती म्हणाली. "मला खूप वाईट वाटतंय. आणि मला काकडी आवडते."

त्याने मान वर केली. हसला नाही, पण वर केली.

बाईंनी त्याला विचारलं, नियम बाजूला ठेवून मुलांना सांगशील का? नको असेल तर नको. तो म्हणाला, सांगतो.

नदीपलीकडे कुंपणाच्या आत चाळीस घरांची एक वस्ती होती. तिथले लोक स्वतःला देवाची माणसं म्हणवत. नजर नेहमी खाली ठेवायची, कारण वर बघणं म्हणजे गर्व. तिथे कोणी कोणाला मारत नसे. चूक झाली की 'पाठ देत'. अंगणात मधोमध उभं करायचं आणि सगळ्या वस्तीने भोवती गोल करून त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं. शिक्षा संपली की वडीलधारे म्हणत, आता देवावर सोड.

"मी आठ वर्षांचा होतो. मी विचारलं होतं, देवाला झोप लागते का? त्यावर सकाळपासून दिवे लागेपर्यंत. नजर खालीच ठेवायची, म्हणून मला फक्त टाचा दिसत होत्या. आईच्या टाचा मला माहीत होत्या. सकाळभर त्या समोर होत्या. दुपारनंतर ती जागा रिकामी झाली. आई कंटाळून घरी गेली असेल असं वाटलं. मग मला वाटायला लागलं की आपण नाहीच. म्हणून मी गालाला हात लावून बघायचो."

धांदलीने घसरलेला चष्मा वर ढकलला. तो पुढे सांगू लागला.

"एकोणिसाव्या वर्षी बाहेर पडलो. जो जातो तो त्यांच्या लेखी मेला. त्याच्याशी बोलायचं नाही, दिसला तर पाठ द्यायची. आईच्या वाढदिवशी मी दरवर्षी कुंपणाशी जाऊन उभा राहतो. ती बाहेर येते आणि पाठ करते. अकरा वर्षं झाली. तिची पाठ मला पाठ झालीय." तो स्वतःच थोडा हसला. "बाहेर आल्यावर एका डॉक्टरांनी सांगितलं, विसरा त्या लोकांना. दुसऱ्यांनी सांगितलं, आई ती आई, जाऊन पाया पडा. दोघंही भले होते हो. म्हणून इथे येतो. माझ्यानंतर त्या कुंपणातून कोणी बाहेर येईल, त्याला तिसरं कोणीतरी भेटावं."

"आणि तुम्हाला काय हवंय?" धांदलीने विचारलं. प्रश्न तिच्या तोंडून निसटला होता.

"आई बोलायला हवी. एकदा. रागावली तरी चालेल... पण बोलायला हवी."

वर्गात एक विद्यार्थी होता, सगळे त्याला वकील म्हणत. तो तावातावाने म्हणाला, "अहो, पण देव वगैरे काही नसतंच! मग भ्यायचं कशाला?"

"असेल तुमचं खरं," चष्मेवाला म्हणाला. "पण मग माझी आई रोज पहाटे कोणाशी बोलायची?"

बाईंनी पुढे काही शिकवलं नाही त्या दिवशी. गरजच नव्हती.

संध्याकाळी धांदल घरी आली. तिचे वडील बागेतल्या झाडांना पाणी घालत होते. लहानपणी ताप आला, परीक्षा आली, मांजर हरवलं, काहीही झालं की ते तिच्या कपाळावर हात ठेवून तेच तीन शब्द म्हणत. देवावर सोड, बाळा. त्या शब्दांवर ती हजार वेळा गाढ झोपली होती.

"बाबा, देवावर सोड म्हणजे काय हो?"

बाबांनी झारी खाली ठेवली. "खरं सांगू? म्हणजे, मलाही उत्तर माहीत नाही, पण तू आता झोप."

ती हसली आणि मग पायरीवर बसून राहिली. एकाच शब्दाने एका घरी पांघरूण घालतात आणि दुसऱ्या घरी चाबूक ओढतात. आपल्याला पांघरूण मिळालं ते आपल्या हुशारीने नव्हे. आणि ज्याला चाबूक मिळाला, तो माणूस आता दिवसभर दुकानात बसून लोकांच्या डोळ्यांत बघतो. मान वर करून बघतो. केवढं हे!

पुढे दर सोमवारी सराव झाला. गोष्टी बदलल्या, चुका कमी झाल्या. आणि उतरण्याची वेळ आली की बाई काचेपलीकडे कागद चाळायला लागत. मुद्दाम की सहज, ते त्यांनाच ठाऊक.

"मी चष्मे करतो. मला पोहता येत नाही. आणि एक छत्री गेले तीन आठवडे माझ्या दुकानात मालकिणीची वाट बघतेय."

"मी धांदल. मला पोहता येतं. आणि मालकीण नियमाने बांधलीय, असं छत्रीला सांगा."

आणखी एका सोमवारी: "मला बाहेर येईपर्यंत माहीत नव्हतं की माणसांचे डोळे इतक्या रंगांचे असतात. पहिला महिना मी नुसता मोजत होतो. काळे म्हणतात ते काळे नसतातच."

"मग माझे कसले आहेत?"

"त्या माझ्या तीन गोष्टींत बसत नाही. पुढच्या सोमवारी सांगतो."

पुढच्या सोमवारपर्यंत धांदलीने आरशात इतक्या वेळा पाहिलं की मावशी म्हणाली, "काय गं, डोळे आलेत का?" आणि नवे काका म्हणाले, "डोळे नाही, दुसरंच काहीतरी आलंय."

सोमवारी तो म्हणाला, "भिजलेल्या मातीचा असतो ना, तो. कडेला थोडा मधासारखा." एवढं सांगून त्याने नजर खाली घातली. मग स्वतःच ती परत वर आणली. धांदलीने ते पाहिलं. खाली गेलेली नजर वर आणायला या माणसाला किती बळ लागत असेल, हे त्या खोलीत तिला एकटीला नीट ठाऊक होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी निकाल लागला. धांदल पास झाली. यादी बघून ती जिन्याने पळत खाली आली, तर खालच्या पायरीवर तो उभा. हातात छत्री.

"चष्मा सैल झालाय का?" त्याने विचारलं.

"नाही."

"नक्की? बघू... नाही झालाय." तो थांबला. थट्टा त्याच्या चेहऱ्यावर टिकली नाही. "आई इथल्या दवाखान्यात आहे. वस्तीत जाणारी नर्स सांगून गेली. पोटात गाठ आहे, फार दिवस नाहीत. मी... दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो. तू येशील? उपचार करायला नको. तशीच."

त्याने तू म्हटलेलं दोघांच्याही लक्षात आलं.

"तशीच म्हणजे कोण म्हणून?"

"ते... जिन्यातच ठरवायचं का?"

"चला," ती म्हणाली. "वाटेत ठरवू." पण वाटेत दोघंही काही बोलले नाहीत.

दवाखान्यात चार ते पाच भेटायची वेळ होती. खोलीच्या खिडकीशी एक म्हातारी नजर खाली ठेवून विणत बसली होती. ती त्याची आत्या, वस्तीने सोबतीला पाठवलेली. खाटेवर आई होती. एवढीशी राहिली होती. हे दोघं दारात आले मात्र, आईने वर न बघताच कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

चष्मेवाला दारातच थांबला. "बघितलंस?" तो पुटपुटला. "चल, जाऊ."

पण धांदल हलली नाही. तिच्या मनात आलं, हिने पाहिलं तर नाहीच. नुसत्या पावलांवरून ओळखलं. अकरा वर्षांनी पावलं ओळखली! ओळखल्याशिवाय पाठ फिरवता येत नाही.

तिने दोन स्टुलं ओढली. दोघं बसली. सलाइनचे थेंब पडत राहिले.

मग भिंतीकडून आवाज आला. "वन्सं, कोण आलंय?"

आत्याच्या सुया थांबल्या. "एक परकी मुलगी आलीय." तिने एक टाका घातला आणि खिडकीला सांगावं तसं सांगितलं, "परक्या मुलीशी बोलू नये असा नियम काही मी ऐकलेला नाही."

मग आई म्हणाली, "पोरी, तुझ्यासोबत कोणी आहे का गं?"

"आहे."

"त्याला विचार... जेवतो का वेळेवर."

चष्मेवाल्याचं तोंड उघडं राहिलं. धांदल त्याच्याकडे वळली. "आई विचारतायत, वेळेवर जेवता का."

"हो," तो कसाबसा म्हणाला.

"हो म्हणतात."

"खोटं बोलतो. पावलं किती हलकी पडली त्याची. वेळेवर जेव म्हणावं."

"वेळेवर जेवा, म्हणतायत."

"बरं, म्हणावं," तो म्हणाला, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहू लागलं.

धांदलीच्या ओठांवर शब्द आले होते. आई, एकदा वळून बघा ना त्याच्याकडे! किती सोपं आहे! ते तिने गिळले. आजवर तिने अर्धी वाक्यं गिळली ती घाईने. हे पहिलंच वाक्य तिने समजून गिळलं. इकडचा शब्द तिकडे पोचवायचा, पण आपला एकही घालायचा नाही.

"पोरी," आई म्हणाली, आणि आता आवाज कापरा होता, "मी हे असं बोलतेय... देव मला शिक्षा करेल का?"

आत्याच्या सुया पुन्हा थांबल्या. बाबांचे तीन शब्द धांदलीच्या जिभेवर होते आणि वकिलाचं वाक्यही कानात होतं.

"मला माहीत नाही, आई," ती म्हणाली. "पण तुम्ही बोलाल तोवर मी ऐकायला आहे. आणि गप्प राहिलात तरी आहे."

भिंतीकडचं डोकं हलकेच हललं. "ही पोर खरं बोलते," आई स्वतःशीच म्हणाली. मग: "त्याला सांग. तो आठ वर्षांचा होता. अंगणात उभा होता. मी त्याच्या पुढ्यात पाठ करून उभी होते. सकाळी ऊन त्याच्या मागून होतं, तर त्याची सावली माझ्या पायाशी पडली होती. सावलीकडे बघू नये असं कोणी सांगितलं नव्हतं. मी बघत बसले. ऊन चढलं तशी ती आखडत गेली, निघून गेली माझ्यापासून. मग दुपारी मी जागा सोडली आणि त्याच्या दुसऱ्या अंगाला जाऊन उभी राहिले. म्हटलं, संध्याकाळी ती इकडे येईल. आली. दिवे लागेपर्यंत माझ्यापाशी होती. सांग त्याला."

धांदलीने त्याच्याकडे तोंड केलं. सगळं त्याने ऐकलं होतं, तरी तिने पहिल्या शब्दापासून सांगितलं. ऊन, पाय, सावली, दुपार. काही वगळलं नाही, काही घातलं नाही. सांगता सांगता तिला वाटलं की आपण एखाद्या फार मोठ्या देवळाच्या, का फार मोठ्या आभाळाच्या खाली उभ्या आहोत आणि आपला आवाज आपला नाही. तो गुडघ्यांवर कोपर टेकून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मला वाटलं होतं, ती घरी गेली."

"त्यांना वाटलं होतं, तुम्ही घरी गेलात."

"वेडा," भिंत म्हणाली. "वेडा आहेस म्हणावं."

त्यावर तो रडता रडता हसला, आणि आत्या नाक ओढून म्हणाली की या खोलीत फार धूळ आहे.

थोड्या वेळाने आई म्हणाली, "आणि पोरी, तू त्याची कोण?"

आता मात्र धांदलीची बोबडी वळली. "मी... म्हणजे... आम्ही..." तिने त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता, मान वर, डोळे ओले. "तुम्हीच सांगा," ती कुजबुजली.

"सांग तिला," तो म्हणाला. "मी रोज शंभर डोळ्यांत बघतो. बघायला मिळतं याचंच मला नवल वाटतं. पण ही मुलगी दुकानात आली त्या दिवसापासून... मला बघायला नको आहेत दुसरे. हिच्याशी लग्न करायचंय मला. ही हो म्हणाली तर."

धांदलीचा चेहरा लालबुंद झाला. पण निरोप तो निरोप. "ते म्हणतायत," तिने सुरुवात केली, "की... मी रोज शंभर डोळ्यांत बघतो... आणि ही मुलगी... दुकानात आली त्या दिवसापासून..." एकेक शब्द तिने उचलून पलीकडे ठेवला. स्वतःच्याच तोंडाने, स्वतःबद्दल. "...हिच्याशी लग्न करायचंय मला. ही हो म्हणाली तर."

"मग ही काय म्हणते?"

"ही... हो म्हणते."

"मग ते-ते काय चालवलंयस मघापासून? तो म्हण की. तुझाच आहे ना?"

"तो," धांदल म्हणाली, आणि त्याचा हात तिने कधी धरला ते तिला कळलं नाही.

त्यानंतर रोज चार वाजता दोघं येत. आई काय काय विचारे. दुकान कुठे आहे, भाड्याच्या खोलीत ऊन येतं का, सर्दी होते का अजून. कधी तो विसरून थेट उत्तर देऊन टाकी. मग आई ऐकूच न आल्यासारखं करी आणि विचारी, "काय म्हणाला गं?" आणि धांदल सगळं पुन्हा सांगे. असं प्रत्येक उत्तर त्या म्हातारीने दोन-दोनदा ऐकलं. धांदलीचे बाबा एकदा भेटायला आले, मावशी आणि काकाही आले. परकी माणसं ती, त्यांना बंदी नव्हती. काकांनी विनोद सांगितला तेव्हा भिंतीकडे खांदे हलताना दिसले.

चष्मेवाल्याची आई त्याच वर्षी, नोव्हेंबरच्या चौदा तारखेला, गुरुवारी, दुपारी सव्वाचार वाजता वारली. वय एकसष्ट. तोंड शेवटपर्यंत भिंतीकडे होतं. मुलगा खोलीत होता, सून होणारी मुलगी खोलीत होती, आणि खिडकीशी आत्या.